तिसरं बटण

"अहो, इथे माझं घड्याळ ठेवलं होतं मी…"

गाडी नीट लावून परत आलेला तो तरुण काउंटरकडे बघत म्हणाला, आणि मी मागच्या फडताळाकडे पाहिलं. हॉलिवूडजवळच्या बरबँकमधलं आमचं गोदाम सिनेमावाल्यांना नकली वस्तू भाड्याने देतं. बिनचिठ्ठीची वस्तू दिसली की चिठ्ठी बांधायची आणि फडताळात टाकायची, हा आमचा नियम. आणि मी, अनूश, नियमाला भलतीच पक्की.

एफ्राइन त्याचं नाव. कान जरा मोठे, हसू त्याहून मोठं. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका सिनेमात नायक मनगटाशी बोलायचा आणि मंगळावर त्याच्या बायकोला ऐकू जायचं. ते घड्याळ माझ्या आजोबांनी साबणाच्या डबीतून केलेलं. लहानपणी ते पाहून हा पठ्ठ्या इंजिनियर झाला आणि खरंच बोलणारं घड्याळ करून बसला. हुबेहूब तसंच, तिन्ही बटणांसकट.

"तिसरं बटण कशाला होतं हो?" आल्या आल्या त्याने अगदी भक्तिभावाने विचारलं होतं.

"डबीला भोक होतं. बुजवायला."

त्याने घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं. मग म्हणाला, "दोन वर्षं डोकं फोडलं मी त्यावर. शेवटी बोलायचं बटण तेच केलं."

तेव्हाच आवडला तो मला, खोटं कशाला बोलू.

आता मात्र त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. चार वाजता कंपनीच्या मोठ्या लोकांना दाखवायचं होतं, आणि नग एकच. तो मी चिठ्ठी बांधून, शूटिंगहून परत आलेल्या त्याच घड्याळाच्या साठ नकलांमध्ये टाकला होता.

"वजनावरून कळेल?"

"नाही. खऱ्यासारखं जड वाटावं म्हणून आजोबा आत शिसं भरायचे."

"फोन केला तर वाजणार नाही. घंटा नाही ठेवली… सिनेमात नव्हती."

"धन्य आहात."

शेवटी ठरलं – माझा आवाज थेट ऐकू येऊ नये म्हणून तो फोन कानाला लावून बाहेर अंगणात थांबणार, मी एकेक घड्याळाचं तिसरं बटण दाबून बोलणार.

वीस घड्याळांना 'हॅलो' म्हटलं. मग कंटाळले. एकाला नाश्ता सांगितला, एकाला आईची तक्रार. त्रेचाळिसाव्याला म्हटलं, "कान मोठे आहेत, पण शोभतात. कॉफीला विचारलं असतं तर गेलेही असते मी. पण याला मंगळावर बोलता येतं, समोरच्या मुलीशी नाही…"

"पाच वाजता चालेल?" माझ्या तळहातातून आवाज आला. "चारला जरा काम आहे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तो धावत आत आला – कान लालबुंद. चिठ्ठी सोडायला लागला, तर मी हात धरला आणि तिच्यावर लिहिलं : 'परत आणणे. आज, पाच वाजता.'

पाचला दहा कमी असताना तो दारात उभा होता. मनगटावर घड्याळ, घड्याळाला चिठ्ठी तशीच.

"काय म्हणाले ते?"

"तिसरं बटण फार आवडलं त्यांना," तो म्हणाला. "आणि चिठ्ठी वाचून मला लवकर सोडलं."