मी मागं गप्पच बसले होते

घशाला सूज आली आहे. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. म्हणून हे लिहिते आहे, नाहीतर सुनेला समोर बसवून सांगितलं असतं.

हे घडलेलं आहे. देवापुढं दिवा लावल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेत नाही, आणि आत्ता त्याच दिव्याशेजारी बसून लिहिते आहे. इथं बसून खोटं लिहायची माझी हिंमत नाही.

साल त्र्याण्णव. मार्गशीर्ष. खंडोबाचं नवरात्र.

आम्ही तेव्हा औरंगाबादेत, उस्मानपुऱ्यात राहायचो. शहराचं नाव तेव्हा हेच होतं, विद्यापीठाच्या नावासाठी मात्र लढा चालू होता. आज मोर्चा, उद्या बंद. चौकाचौकात पोलीस. आमचे हे वाळूजच्या कारखान्यात कामाला. कारखान्याची बस कधी यायची, कधी नाही. खाडे व्हायला लागले, तसे हे छावणीत गेले आणि मोतीराम मेकॅनिककडून एक जुनी बुलेट घेऊन आले.

साडेतीनशेची. काळी. चालू केली की आमच्या मांडणीवरची भांडी वाजायची.

यांच्या आधीच्या लहान गाडीला ब्रेक उजव्या पायाला होता. त्या काळच्या बुलेटचं सगळं उलटं. ब्रेक डाव्या पायाला, गियर उजव्या पायाला.

मोतीरामनं छावणीच्या मैदानावर यांना शिकवलं. मी कडेला लिंबाखाली बसायचे.

"भाऊ, एक ध्यानात ठेवा," तो म्हणायचा. "घाबरून उजवा दाबला तर ही थांबायची नाय. वरच्या गियरात जाईल, अजून पळंल. अन् घाबरल्यावर माणसाचा जुनाच पाय पुढं होतो."

"मेंढरांमागं वाढलोय मी. जनावराची सवय हाय," हे म्हणाले.

"मेंढरू अंगावर पडलं तर माणूस हसतो, भाऊ. ही पडली तर दुसरेच रडतात." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "वैनी, रात्रीचा यांचा उजवा पाय खाटंला बांधून ठेवत जा."

आम्ही हसलो होतो तेव्हा.

आता माझ्या व्रताचं सांगते. उठल्यापासून देवाचं दर्शन होईपर्यंत मी मौन पाळायचे. लग्नाआधीपासूनचं व्रत. एरवी ते घरच्या देव्हाऱ्यापुढं सुटायचं. नवरात्रात मात्र शहराला लागून असलेल्या सातारा गावच्या खंडोबाला जायचं, भंडारा वाहायचा, आणि मगच तोंड उघडायचं.

यांनी ठरवलं, नवरात्रभर पहाटे मला बुलेटवरून देवाला न्यायचं. रस्ता मोकळा असतो. देवही होईल, हातही बसेल.

पहिल्या पहाटे मी जीव मुठीत धरून मागं बसले. दोन्ही पाय डाव्या बाजूला सोडून, एक हात यांच्या खांद्यावर. रेल्वे फाटक ओलांडलं. पुढं खडी पसरलेलं वळण होतं. यांनी गाडी अलगद हळू केली आणि अलगद वळवली.

दर्शन झाल्यावर पायरीवर बसून हे म्हणाले,

"बरं झालं तू डावा-डावा म्हणत राहिलीस. नायतर वळणावर उजवाच दाबला असता."

मला वाटलं, माझ्या मौनाची थट्टा करतायत.

दुसऱ्या पहाटे मी कान देऊन बसले. इंजिनाचा ठोका... वारा... बाकी काही नाही.

पण हे मात्र प्रत्येक वळणाला म्हणत होते...

"हं."

कुणी काही सांगितल्यावर म्हणतो, तसं.

आणि एका खड्ड्याजवळ... "दिसला गं मला. दिसला."

मी मोकळ्या हातानं तोंड चाचपलं. ओठ तर मी घट्ट मिटले होते.

भंडारा वाहून झाल्या झाल्या मी म्हटलं, "अहो, मी वाटेत एक शब्द बोलत नाही. माझं मौन असतं."

हे गालात हसले. "असू दे. देवाच्या वाटेवर दोन शब्द निघाले तर काय बिघडत नाय. मी कुणाला सांगत नाय तुझं मौन मोडतंय ते."

किती सांगितलं तरी यांना ते खरं वाटेना.

आणि मी काय केलं? मला वाटलं, देवच माझ्या तोंडून यांना वाट दाखवतोय. आवाज चांगलंच तर सांगत होता. गाडी सरळ चालत होती, पाय चुकत नव्हता. मी डोळे मिटून हात जोडले. त्या आवाजाच्या नावानं वेगळा नारळ फोडला.

तो नारळ आत नासका निघाला. मी यांना दाखवला नाही.

चंपाषष्ठीच्या आदल्या संध्याकाळी मोतीराम क्लचची वायर बदलायला घरी आला. चहा पिताना हे कौतुकानं म्हणाले, "मोतीराम, तुझ्यापेक्षा आमची बाई भारी शिकवती. मागं बसून डावा, डावा."

मोतीरामनं कप खाली ठेवला.

"वैनी, तुम्ही सांगता?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

त्यानं जुनी वायर गुंडाळून बाजूला ठेवली. म्हणाला, "आधीच्या मालकाची बायको बी अशीच मागं बसायची. तो नवा होता, ती सांगायची. एक दिवस ती सांगायला चुकली. मालक जागच्या जागी गेले."

"आणि ती?" मी विचारलं.

"ती बी गेली तिथंच. चुकली म्हणतात लोक. चुकली का काय, तिचं तिला ठावं."

"असलं सांगायचं होतं तर गाडी विकायच्या आधी सांगायचं," हे हसत म्हणाले.

मोतीराम हसला नाही. त्यानं मजुरीही घेतली नाही.

रात्री मी यांच्या पाया पडून सांगितलं, उद्या गाडी नको. हे म्हणाले, "उद्या चंपाषष्ठी. शहर बंद, बस नाय, रिक्षा नाय. देवाला कसं जायचं? अन् तशीच पुढं मला ड्यूटी गाठायची हाय. तुला भ्या वाटत असंल तर तू घरी थांब."

यांना त्या गाडीवर एकटं कसं सोडायचं?

एकटे तरी असते का हे...

चंपाषष्ठीच्या पहाटे मी भंडाऱ्याची पुडी मुठीत धरून मागं बसले. धुकं इतकं होतं की फाटकाचा दिवाही नीट दिसेना. मनात म्हटलं, शेवटचा दिवस आहे. देवापर्यंत तोंड उघडायचं नाही. तोच सांभाळेल.

फाटक गेलं.

"असं?" हे म्हणाले. "बरं."

आणि गाडीनं वेग घेतला.

मी खांदा दाबला. हे मान न वळवता म्हणाले, "तूच म्हणतीस ना रस्ता मोकळा हाय? मग दाबतीस कशाला?"

तेवढ्यात मला वास आला...

ओल्या लोकरीचा.

मी धनगराची लेक. तो वास मला झोपेतही कळतो. पुढं धुक्यात मेंढरं होती. आणि मेंढरं असली की सोबत घोडं असतं, घोड्यावर संसार असतो, संसारावर बांधलेलं लेकरू असतं.

यांनाही काहीतरी दिसलं. अंग ताठ झालं.

आणि हे बुचकळ्यात पडल्यासारखे म्हणाले...

"उजवा?"

मी मान वळवून पाहिलं, यांचा उजवा पाय उचललेला होता.

"डावा!" मी ओरडले. "डावा! डावा!" मुठीतल्या पुडीनं यांच्या डाव्या मांडीवर मारत सुटले. पुडी फुटली. सगळीकडं पिवळा भंडारा.

गाडी मागून सरकली, आडवी होता होता थांबली. पुढच्या चाकापासून हातभरावर घोडं उभं होतं. पाठीवर गाठोडी, आणि त्यांत बांधलेलं तान्हं बाळ. झोपलेलं.

मेंढरं दोन्ही बाजूंनी वाहू लागली. डावीकडून माझ्या पायांना घासून जात होती. मेंढराची जातच तशी, दगडालाही घासून जातं.

पण उजवीकडून...

उजवीकडून जाताना प्रत्येक मेंढरू वळसा घेत होतं. माझ्या पाठीमागं, गाडीला लागून, एका माणसाएवढी जागा मोकळी सोडून.

धनगरीण बाळापाशी धावली. हे घाम पुसत माझ्यावर चिडले.

"आधी उजवा म्हणालीस, मग डावा. एकदा काय ते ठरव की."

"उजवा कोण म्हणालं?"

"तूच. हितं, कानाशी." यांनी उजव्या कानाला हात लावला.

त्या बाजूला माझी पाठ होती.

"आवाज कसा होता?" मी विचारलं.

"तुझाच." यांनी कान चोळला. "जरा हसत होतीस."

गाडी पुढं भंगारात गेली. मौनाचं व्रतही मी त्या दिवशी देवापुढं ठेवलं, ते परत उचललं नाही. तेव्हापासून पहाटे उठल्या उठल्या मोठ्यानं नाम घेते, थांबतच नाही. सून म्हणते, "आई, तुम्ही आहात तर घरात रेडिओ नको." मी तिला कारण कधी सांगितलं नाही.

पण आता घसा बसलाय. काही दिवस झाले, मी पुन्हा गप्प आहे.

आणि मागच्याच महिन्यात यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काठी घेऊन जिना उतरायला शिकतायत. उतरताना आधी दुखरा पाय खाली टाकायचा. आधी डावा, मग उजवा. शिकवायला येणाऱ्या मुलीनं दहा वेळा बजावलंय.

आज सकाळी मी पूजेला बसले होते. बाहेर जिन्यावर काठीचा आवाज आला. टक्... टक्...

मग थांबला.

"उजवा?" हे म्हणाले. "...बरं. तू म्हणतीस तर उजवा."

मी ओरडायला गेले. घशातून नुसती हवा आली. हातातलं ताम्हन उचलून फरशीवर आपटलं आणि तशीच धावले.

हे वरच्या पायरीवर कठडा धरून उभे होते. उजवा पाय हवेत.

ताम्हनाच्या आवाजानं दचकून थांबले होते, पण मी दारात उभी होते तिकडं बघत नव्हते. बघत होते खाली, जिन्याच्या वळणाकडं. तिथं कुणी नव्हतं.

तिकडंच बघत म्हणाले...

"अगं, मग हसतीस कशाला?"

डॉक्टर म्हणतात, अजून आठवडाभर बोलायचं नाही.

ताम्हन मी आता उशाशी घेऊन झोपते.