अरुंद फुग्यातली कबुली

फ्रान्समधल्या आंगुलेम शहराच्या टेकडीवर जानेवारीचा पाऊस तिरपा कोसळत होता. कॅफेच्या कापडी छपराखाली सोलेनच्या शेजारी धावत येऊन उभ्या राहिलेल्या तरुणाने कागदांचे बाड कोटात लपवले होते. स्वतः निथळत होता, कागद कोरडे होते.

"एवढं काय जपताय?" तिने विचारले.

"माझ्या वैरिणीची पहिली चित्रकथा! तिनं काढलेल्या फुग्यांत संवाद लिहायचे, हे माझं काम. आणि बाईंचे फुगे कसे? पडवळासारखे! जपानी मजकूर वरून खाली उतरतो, म्हणून तिथले फुगे उभे. आपली फ्रेंच आडवी धावते, हे बाईंना कुणी सांगितलंच नाही!"

सोलेनचे कान तापले. जपानी चित्रकथांवर ती वाढली होती. ते उभे फुगे हातात इतके मुरले, की त्यांचे कारण विचारायचे तिला कधी सुचलेच नाही. कलाशाळेतल्या पंडितांनी तिच्या कामाला 'नक्कल' ठरवले होते. स्वतःच्या शतकानुशतकांच्या उसनवारीला 'परंपरा' म्हणणाऱ्यांना इतरांची उसनवारी मोठी चटकन ओळखू येते. आणि आज प्रकाशकाचा निरोप आला होता : फुग्यांत संवाद लिहिणाऱ्या अक्षरकाराची हरकत आहे, भेटायला या. पुस्तक रद्द होणार, याविषयी तिला शंकाच उरली नव्हती.

"मग फेका ना ते गटारात," ती थंडपणे म्हणाली.

"वेड लागलंय? दोनदा रडलोय मी वाचताना!" तो ओशाळला. "फक्त शेवटचं पान अडलंय. नायकाची प्रेमाची कबुली हातभर लांब, आणि फुगा बोटाएवढा. प्रकाशक म्हणतात, वाक्य कापा. मी म्हटलं, शब्दाला हात लावणार नाही. बाईंकडून फुगाच नव्यानं काढून घ्या."

एवढीच हरकत! कोंडलेला श्वास सुटला, आणि त्यामागोमाग हसू.

"द्या इकडे." तिने पिशवीतून पेन काढले.

"अहो, हात नका लावू— थांबा… म्हणजे तुम्हीच…?"

"वैरीण. सोलेन."

"मी… बाझील. पडवळ म्हणालो का हो मी?"

"स्वच्छ ऐकलं."

आत, टेबलावर, तिने फुगा ऐसपैस केला. नायकाचा अर्धा खांदा त्यात गेला. बाझीलने पेन्सिलीने कबुली उतरवली, अक्षर अन् अक्षर. तरीही कोपरा उरला.

"आता जास्तच मोठा झाला," ती म्हणाली.

"असू दे…" तो पानाकडेच पाहत राहिला. "माझंही एक वाक्य आहे. छापायचं नाही. मावेल का, ते मात्र… ठाऊक नाही."

सोलेनने पेनाचे टोपण लावले.

"आधी बोल तर," ती म्हणाली, "जागा मी करते."