सुगरणींच्या रानातली जागा

“नारळ मीच फोडणार!” उमाजी ओरडला.

“आधी जागा तर आपली होऊ दे!” म्हणत भामानं धाकट्या भावाच्या हातातून नारळ काढून घेतला.

हैदराबादबाहेर, कुकटपल्लीच्या पुढच्या त्या रानात मे महिन्याचं ऊन असं तापलं होतं, की एक सरडा तीन पायांवर उभा राहून चौथ्यावर फुंकर घालत होता. खोटं वाटत असेल तर त्या सरड्यालाच विचारा! पण भामाच्या बाबांना, केशवरावांना, ऊन कुठलं लागायला? बाभळी आणि शिंदीच्या त्या गर्दीत त्यांना घर दिसत होतं. “इथं ओसरी, तिथं तुळस!” मघापासून त्यांचं हवेत बांधकाम चाललं होतं.

ते घर भामालाही हवं होतं. हैदराबाद राज्याचे तुकडे होणार, हे ठरल्यातच जमा होतं. बाबांच्या कचेरीतलं कुणी औरंगाबादला निघालं होतं, कुणी गुलबर्ग्याला. बाबांनी सांगून टाकलं होतं, “स्वतःची जागा झाली तर इथं राहू. नाहीतर आपणही औरंगाबाद गाठू.” म्हणजे नारायणगुड्याची शाळा सुटणार, गल्ली सुटणार, शेजारचा भिवाजीही सुटणार! तो भिवाजी आज हट्टानं बरोबर आला होता.

जागेचे मालक प्रतापराव सावलीत सतरंजी टाकून बसले होते. “जल्दी करा, केशवराव! मृगाच्या आत सही झाली पाहिजे. मलापण औरंगाबादला जायचंय. असं रान सोडताना पोटात तुटतंय हो!”

नारळ सतरंजीवर ठेवून, मोठ्यांना तिथंच सोडून पोरं रानात घुसली. थोडं खाली उतरल्यावर भिवाजी थबकला.

“भामा, वर बघ.”

बाभळींना गेल्या सालचे वाळके खोपे लोंबत होते. एक नाही, दोन नाही, झाडंच्या झाडं भरलेली!

“सुगरणीचे खोपे. त्यात काय एवढं?”

“सुगरण खोपा कुठं बांधते?”

“विहिरीवर!” उमाजी म्हणाला. “आजोळच्या विहिरीवर आहेत ना! खाली पाणी असलं की सापाची हिंमत होत नाही.”

“मग इथली विहीर कुठाय?”

तिघांनी खाली पाहिलं. विहीर नव्हती. भेगाळलेली, सपाट जमीन तेवढी दूरवर पसरली होती.

“पावसात हे सगळं तळ्यात जातं,” भिवाजी हळूच म्हणाला. “चल, काकांना सांगू.”

“गप्प बस!” भामा फिस्कारली. “बाबांना कळलं तर औरंगाबाद! तुला काय जातंय?”

“मला? तू जातेस की!”

तेवढ्यात—

“ताईऽऽ!”

उमाजी भेगांवर उड्या मारत पार मध्ये गेला होता. वरची खपली फुटली आणि तो कमरेपर्यंत आत! धडपडला तसा चिखल छातीला आला.

“हलू नकोस!” भिवाजी ओरडला. त्यानं वाळका शिंदीचा झाप ओढला आणि तो पोटावर सरपटत पुढं गेला. भामानं आडवं होऊन त्याचे पाय धरले. खालची खपली करकर वाजत होती.

“धर, उमाजी! काटे बोचले तरी सोडू नको!”

एक हिसका. दुसरा. तिसऱ्याला उमाजी सुटून आला. एक चप्पल मात्र तळ्याला नजर करून! अंगाला माशांचा वास आणि सदऱ्यात चक्क एक शिंपला.

भामा उठली. घर झाल्यावर उमाजी रोज इथंच खेळला असता.

“तुम्ही दोघं झाडामागं थांबा. हा चिखल दिसला की मालक सावध होतील,” ती म्हणाली आणि पळत सुटली.

बाबांनी पेन उघडलं होतं!

“बाबा, थांबा! आधी नारळ ठेवायचा ना? घर मधोमध हवं, आणि जुन्या मालकांच्या हातानंच नारळ ठेवावा. हो ना, काका?”

“हौ, हौ! कायकू नाही?” प्रतापराव नारळ उचलून हसत उठले. पण मुळांवर पाय ठेवत, कडेकडेनं चालत ते भेगांपाशी आले आणि खुंट ठोकल्यासारखे उभे राहिले.

“इथंच ठेवतो.”

“आणखी पुढं, काका!”

“नक्को! काटे... चप्पल पातळ आहे माझी.”

“जिथं आमचं घर उभं राहणार, तिथं तुम्हाला उभंही राहता येत नाही?”

प्रतापरावांच्या कपाळावर घाम फुटला. बाबांनी त्यांच्या हातातला नारळ घेतला आणि मधोमध भिरकावला. डुबुक! जमिनीनं नारळ गिळला.

“प्रतापराव, हे तळं आहे?”

“बारा महिने नाही हो! फक्त चारच महिने!”

मग झाडामागून चिखलाचा एक पुतळा बाहेर आला. “बाबा, माझी चप्पल!” बाबांनी पेन खिशात टाकलं आणि उमाजीला चिखलासकट छातीशी धरलं. प्रतापराव सतरंजी तिथंच टाकून वाटेला लागले होते.

परतताना भिवाजीनं खोप्यांचं सगळं बाबांना सांगून टाकलं.

“तुला इथंच राहायचं होतं ना?” बाबांनी भामाला विचारलं. “मग गप्प का नाही बसलीस?”

“बसणारच होते,” भामा पुटपुटली. “पण उमाजी बुडाला असता.”

बाबा थांबले. “शाब्बास! भिवाजी, तुलाही शाब्बासकी. आम्ही मोठे जमिनीकडे बघत राहिलो, तुम्ही झाडाकडे पाहिलंत. तुमच्यासारखी पोरं शेजारात असताना औरंगाबादला जाऊन करू काय? राहू भाड्याच्या घरात! पुढची जागा बघायला मात्र तुम्ही तिघं पुढं आणि मी मागं.”

“आणि माझा नारळ?” उमाजीनं भोकाड पसरलं.

श्रावणात तिघं मुद्दाम जाऊन आले. बाबांच्या ओसरीवर पुरुषभर पाणी होतं, वर सुगरणींची नवी घरं डुलत होती. आणि मधोमध नारळ तरंगत होता! त्यावर एक बेडूक मालकासारखा बसला होता, असं उमाजी अजून शपथेवर सांगतो. भामा म्हणते, बेडूक दोन होते.