चौथ्या सेकंदाआधी

लाइट गेली तर जाऊ दे. मोबाईलचे टॉर्च बंद करा. आणि चष्मेवाल्या, तू दाराकडे पाठ करून बसलायस? बस, बस. कोणीतरी बसायलाच हवं तिथे.

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या जावईबापूंवर गुदरलेली आहे, आणि निम्मी तर मी स्वतःच्या कानांनी फोनवर ऐकली आहे.

जावईबापू एका हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळतात. तळघरात एक कुलूपबंद खोली, तिथे कपाटाएवढं यंत्र. वरच्या मजल्यावर कोणाचा श्वास अडला की नर्सच्या टेबलावर भोंगा वाजतो, तो या यंत्रामुळे. यंत्र बंद, तर भोंगा मुका. आणि त्या आठवड्यात वर काचेच्या खोलीत होती माझी नात. पाच वर्षांची. छाती कफाने भरलेली. रात्री आत कोणाला बसू देत नव्हते. लेक बाहेर बाकावर बसून होती.

मंगळवारची रात्र, सव्वादोन वाजलेले. यंत्रावर पिवळा दिवा लागला म्हणून जावईबापू खाली गेले. रोजचंच काम. अशा यंत्राच्या पोटात एक छोटा मेंदू असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. मला सातवी नापासाला कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल. मोठा मेंदू झोपला तरी हा जागाच असतो, आणि यंत्राला काय काय दुखलं ते टिपून ठेवतो. पंखा अडकला. ताप चढला. झाकण उघडलं. हे वाचायला चित्रं नाहीत, माऊस नाही. काळ्या पडद्यावर कमांड टाईप करायची. एका कमांडने नोंदी दिसतात, दुसरीने पुसल्या जातात.

जावईबापूंनी नोंदी काढल्या. पंखा ठीक, ताप नाही. पडदाभर एकच रडगाणं. बटण दाबलं. बटण सोडलं. बटण दाबलं. बटण सोडलं.

म्हणजे यंत्र चालू-बंद करायचं बटण. आणि ते तर त्यांच्या नाकासमोर होतं.

बिघाड असेल म्हणून त्यांनी सगळं पुसून टाकलं. नवी नोंद झाली की लगेच पडद्यावर उमटेल अशी सोय केली. ती उमटली. मग त्यांनी मला फोन लावला.

"मामा, कुठे आहात?"

"अंथरुणात. या वेळी आणखी कुठे असणार?"

"खरं सांगा हं. तुम्ही इथे काही चेष्टा करून ठेवली नाही ना?"

माझी कीर्तीच तशी. लग्नाच्या दिवशी त्यांच्या बुटात बेडूक मीच सोडला होता.

"शप्पथ, मी घरी आहे," मी म्हणालो.

"मग बटण कोण दाबतंय?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

दाबलं, अशी ओळ आली. एका सेकंदाने सोडलं. बटण जागचं हललं नव्हतं. ते टक लावून बघत होते.

पुन्हा दाबलं. या वेळी दोन सेकंद.

"मामा, चार सेकंद दाबून धरलं की यंत्र बंद पडतं. मग वर कोणालाच कळणार नाही..."

"अहो, मग त्या बटणाची वायरच उपटा की!"

"हो. हो, तेच करतो."

झाकण सरकलं. एक स्क्रू पडून घरंगळत गेला. मग नुसता त्यांचा श्वास.

"काढली. माझ्या हातात आहे."

झाकण उघडल्याची नोंद आली. शहाणं यंत्र.

तिच्याखाली... दाबलं.

वायर यांच्या हातात. तिचं टोक हवेत.

एक.

दोन.

तीन... सोडलं.

मी उठून बसलो. "जावईबापू, खोलीत कोणी आहे का?"

पंख्यांची घरघर. आणि त्या घरघरीत... नाही, काही नाही. काही नाही म्हटलं ना.

"निघा तिथून!"

"कसा निघू? बंद पडलं तर चालू कोण करणार?"

दाबलं.

एक.

दोन.

तीन...

आणि जावईबापू ओरडले. एरवी शेजारच्या कुत्र्यालाही अहो-जाहो करणारा माणूस.

"सोड! सोड ना रे! माझी पोरगी आहे वर! काचेच्या खोलीत... एकटी आहे ती!"

...

सोडलं.

आम्ही दोघं वाट बघत राहिलो. नवी ओळ आली नाही. पिवळा दिवा विझला.

"गेलं, मामा." ते रडत होते की हसत होते, कोण जाणे. "ऐकलं त्याने माझं."

ऐकलं होतं. तेच तर नको होतं.

"जावईबापू... तुम्ही त्याला पत्ता का दिलात?"

फोन खाली पडला. मग जिन्यावर धावती पावलं.

वर सगळं शांत. भोंगा वाजला नव्हता. लेकीने डोळा मिटला नव्हता. आत कोणी गेलं नाही, म्हणाली. सिस्टर म्हणाली, उलट आता श्वास छान चाललाय. पोरगी गाढ झोपलेली. जावईबापूंनी पांघरूण काढलं, फ्रॉक वर केला.

छातीच्या मधोमध खळगा. अंगठ्याने दाबल्यासारखा. पण एवढा मोठा अंगठा... कोणाचा असतो?

दोन वर्षं झाली. पोरगी ठणठणीत आहे, परवाच माझ्या मिशा ओढून गेली. डॉक्टर म्हणतात, हाडच तसं आहे, घाबरू नका. खळगा काही भरला नाही.

अंघोळ घालताना तिची आई तिथे वरून नुसतं पाणी सोडते.

बोट आमच्यापैकी कोणी लावत नाही.