शेजारच्या सीटपुढचं ठिगळ

तिसरं ठिगळही गेलं, तेव्हा लाइल माझूरने हातातली हातोडी गॅरेजच्या भिंतीवर फेकून मारली. भिंतीला खोक पडली, हातोडी उसळून रंगाच्या डब्यांत गेली आणि एक डबा लवंडला. म्हणजे आता भिंतही बुजवा आणि रंगही पुसा. लाइल उलट्या बादलीवर मटकन बसला.

“काय फोडलंस रे?” स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोने, बर्नीने विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही फोडायला एवढा आवाज लागतो?”

गाडी १९७० सालची होती. दोन दारं, लांबलचक नाक आणि त्या नाकात मावेल तेवढं मोठं इंजिन. ऐन उमेदीत ती सिग्नलला नुसती उभी राहिली तरी शेजारच्या गाडीच्या काचा थरथरायच्या. आता ती टेकूच्या चार लोखंडी घोड्यांवर चढून बसली होती आणि मिशिगनच्या पन्नास हिवाळ्यांत बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तिला खालून पोखरून ठेवलं होतं. मडगार्डात अख्खी मूठ जायची. दाराच्या कडेला बोट लावलं की पोपडे हातात यायचे.

लाइलने चाळीस वर्षं कारखान्यात पत्रे ठोकायचे साचे बनवले होते. पत्र्यातलं त्याला कुणी शिकवावं असं काही नव्हतं. पेन्शनीत बसेल तेवढंच करायचं, हे बर्नीने आधीच बजावलं होतं. इंजिन भंगारवाल्याकडून उचललं, सीटची खोळ बर्नीने घरच्या मशीनवर शिवली, वेल्डिंगचं मशीन शेजारच्या ओटो विस्नरचं. तरीसुद्धा दर शनिवारी काहीतरी निघायचंच. “चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला,” असं म्हणून बर्नी कॉफीचा कप ठेवून जायची.

बाकी सगळं वठणीवर आलं होतं. मडगार्डं आली, दारं आली, डिकीसुद्धा बंद व्हायला लागली. एकच जागा हट्टाला पेटली होती. चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवतात तिथला तळ.

पहिलं ठिगळ त्याने मार्चमध्ये मारलं. चांगला कोरा पत्रा, कडा घासून, वेल्डिंगची शिवण सलग ओढून, वर गंजरोधक रंगाचे दोन हात. चौथ्या दिवशी बघतो तर पत्रा मधेच खाली बसलेला आणि त्या खळग्याभोवती तांबडी कड. ओटो आला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि म्हणाला, “ओलं असताना रंग लावलास. घाई नडते तुला.”

“ओलं नव्हतं.”

“मग जुनाच पत्रा वापरलास.”

“ओटो, मी चाळीस वर्षं काय गवत कापत होतो का?”

दुसरं ठिगळ जास्त जाड घेतलं. तेही बसलं. तिसरं मारलं तेव्हा खालून दोन आडव्या पट्ट्या दिल्या. त्या पट्ट्यांसकट पत्रा खाली आला होता. लाइलने टेप लावून खळगा मोजला. लांबी साडेनऊ इंच. मागे एक लहान गोल, पुढे एक रुंद. पुढचा जास्त खोल.

ओटोने तो हाताने चाचपला आणि हसत सुटला. “अरे, हे तर आमच्या हिल्डाचं काम! मी गाडी चालवत असलो की ती बाजूला बसून नुसती ब्रेक दाबत असते. तिकडे ब्रेक नाही म्हणून किती वेळा सांगितलं. पाय रोवते, डोळे मिटते आणि दाबते. तळ फुटायचाच एखाद दिवशी.”

लाइल हसला नाही. फक्त उजव्या पायाचा ठसा होता तो.

आणि त्या जागेवर आधी काय होतं, ते सगळ्या जगात फक्त लाइलला माहीत होतं.

ही गाडी मुळात त्याचीच. एकोणीस वर्षांचा असताना सेकंडहँड घेतलेली, आणि तेव्हाच हा तळ सडला होता. पत्रा विकत घ्यायला खिशात पैसे नव्हते. त्या काळी पोरं जे करायची तेच त्याने केलं. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी लिंडर रोडच्या फाट्यावर गेला, दोन बोल्ट सोडवले आणि ‘थांबा’ची लाल अष्टकोनी पाटी घरी आणली. जुनी लोखंडी पाटी, उठावाच्या अक्षरांची. कोपरे ठोकून वाकवले, अक्षरं खाली करून रिव्हेट मारले, खालून डांबर फासलं. भोकाच्या मापाचीच जणू.

नवव्या दिवशी त्याच फाट्यावर बीट भरलेल्या ट्रकने एका गाडीला उडवलं. चालवणारा ड्वेन वाचला. शेजारी बसलेली लोरेटा गेली. पाटीचा खांबही त्या धडकेत आडवा झाला, त्यामुळे पाटी उडून बीटच्या शेतात कुठेतरी पडली असेल, असंच सगळ्यांनी धरलं. “पाटी नव्हती हो,” ड्वेन सांगत राहिला. दारू पिऊन चालवत होता आणि आता पाटीवर ढकलतो, असं म्हणत गावाने त्याला वाळीत टाकल्यासारखंच केलं. चाळिशीही न गाठता तो मेला.

लाइल गप्प बसला. तीन वर्षांनी चर्चच्या हॉलमध्ये पोल्का नाचताना त्याला बर्नडीन, म्हणजे ही बर्नी, भेटली. लोरेटाची धाकटी बहीण. ते कळलं तेव्हा तो तिच्यात पुरता अडकला होता, आणि मग रोज सांगायचं म्हणता म्हणता बेचाळीस वर्षं गेली. लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्याने गाडी विकून टाकली होती. गेल्या हिवाळ्यात चहापाण्याच्या टपरीवजा हॉटेलात, फळ्यावर विक्रीच्या चिठ्ठ्यांत तिचा फोटो दिसला. दुसरा कुणी हौशी घेईल, गालिचा उचलेल, पाटीच्या मागे रस्तेवाल्यांनी घातलेला फाट्याच्या नावाचा शिक्का वाचेल. चोराच्या मनात चांदणं. त्याच दुपारी तो पैसे मोजून आला. “तरुणपणीची आठवण,” असं त्याने बर्नीला सांगितलं.

दुरुस्तीच्या पहिल्याच दिवशी त्याने पाटी गाडीतून काढली होती. पंचेचाळीस वर्षांत तिला एक पोचा आला नव्हता, आणि हे त्याला आता आठवत होतं. कापून भंगारात टाकायचं ठरवून त्याने तिला शिकंज्यात धरलंही होतं. करवत हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. मग गोणपाटात गुंडाळून टेबलामागे ढकलली.

एप्रिल संपत आला. “मेमोरियल डेला याच गाडीने लोरेटाच्या कबरीवर जायचं हां,” बर्नी म्हणाली. ती खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या फिरवून ठेवत होती. “तिला फार वेड होतं असल्या गाड्यांचं. गेली तेव्हा वीस वर्षांचीसुद्धा नव्हती. आणि लिंडर रोडने जाऊ. इतकी वर्षं मी तो फाटा टाळत आले. आता एकदा बघून टाकायचाय.”

“गावातून रस्ता चांगला आहे.”

“मला चांगला रस्ता नकोय, लाइल.”

त्याने पाव इंच जाडीची पोलादी प्लेट आणली. गाडीला कुणी लावत नाही असली. तिच्यावर ट्रॅक्टर चढवला तरी वाकणार नव्हती. ओटो म्हणाला, “गाडी बनवतोयस की तिजोरी?” लाइलने चारी बाजूंनी शिवण ओढली, ती गार होईपर्यंत तिथेच बसून राहिला. शेजारची सीट त्याने काढूनच ठेवली होती.

शनिवारी दुपारी बर्नी चर्चच्या केक विक्रीला गेली. रेडिओवर बेसबॉल चालू होतं. लाइल चाकं लावलेल्या फळीवर आडवा होऊन गाडीखाली सरकला. टॉर्च प्लेटवर धरला. सपाट होती. आरशासारखी सपाट. “आता बोल,” तो दात खाऊन म्हणाला.

रेडिओवर कुणीतरी चेंडू मारला, लोक ओरडले.

प्लेट कुरकुरली.

त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर पोलादाला एक लहान गोल फुगवटा आला. टाच. मग त्याच्या पुढे रुंद. चवडा. सावकाश, कुणीतरी सगळा जीव एकवटून दाबावं तसा. शिवण ताणली जाऊन बारीक किणकिणली. गंजाची भुकटी त्याच्या ओठांवर पडली.

त्याने टॉर्च आणखी जवळ नेला.

फुगवटा थोडा वर गेला. पुन्हा खाली आला. आधीपेक्षा जोरात.

लाइल फळीसकट बाहेर आला. गाडी रिकामी होती. सीटच्या जागी नुसते चार बोल्ट.

तो तिथेच जमिनीवर बसून रडला. भीतीने कमी, संतापाने जास्त. “काय पाहिजे तुला?” तो रिकाम्या गाडीला म्हणाला. “काय देऊ आता?” आणि विचारतानाच त्याला कळलं काय द्यायचं ते.

प्लेट कापून काढायला दोन दिवस लागले. मग गोणपाट सोडून त्याने पाटी जुन्या जागी बसवली, जुन्याच भोकांतून रिव्हेट मारून. फक्त या वेळी अक्षरं वर केली. ओटोसारखे रिकामटेकडे सारखे गाडीखाली घुसायचे आणि गाड्यांच्या मेळाव्यात तर लोक गाडीखाली आरसे सरकवून शिवणी मोजतात. खालून नुसता काळा पत्रा दिसलेला बरा. वर गालिचा अंथरला की झालं. शिक्क्यावर डांबराचा जाड थर दिला.

एक दिवस गेला, चार गेले, पंधरा गेले. पाटी सपाट. “आलं बुवा एकदाचं जमून,” ओटो म्हणाला. लाइलने सीट बसवली, गाडी घोड्यांवरून उतरवली. इंजिन भंगारातलंच, थोडं उतावळं होतं. गिअर टाकून ब्रेक सोडला रे सोडला की अ‍ॅक्सिलरेटर न दाबताही पळायला बघायचं. ते त्याने तसंच राहू दिलं. इंजिनशी भांडायची ताकद उरली नव्हती.

मेच्या शेवटच्या सोमवारी बर्नी निळा झगा घालून, मांडीवर जिरेनियमचं खोकं घेऊन गाडीत बसली. बसल्या बसल्या चपला काढल्या. ही तिची जन्माची सवय, आणि ती लाइलच्या साफ ध्यानातून गेली होती.

“काय आवाज आहे रे!” ती खूश होऊन म्हणाली. “लोरेटा वेडी झाली असती.”

लिंडर रोडला लागेपर्यंत ती बोलत होती. दोन्हीकडे शेतं मोकळी, बीटची रोपं बोटभर वर आलेली. तिचा उजवा पाय गालिच्यावर हळूहळू फिरत होता. थांबत होता, पुन्हा फिरत होता.

“लाइल, खाली काय आहे?”

“ठिगळ.”

“उठावाचं लागतंय काहीतरी.”

“शिवण असेल.”

फाटा आला. नवी पाटी उन्हात लालभडक उभी होती. लाइल पांढऱ्या रेघेवर नीट थांबला. त्याने पाय ब्रेकवर दाबून ठेवला. बर्नीने खोकं एका हाताने सावरलं, वाकली आणि गालिच्याचा कोपरा उचलला.

तिने खाली पाहिलं. मग काचेतून समोर पाहिलं. मग पुन्हा खाली.

“कुठली ही?”

भंगारवाल्याकडची, असं उत्तर जिभेवर तयार होतं. कित्येक महिने त्याने ते घोटून ठेवलं होतं.

“इथलीच,” लाइल म्हणाला.

“कधी काढलीस?”

“नऊ दिवस आधी.”

इंजिन धडधडत राहिलं. बर्नीने गालिचा हळूच खाली सोडला, त्याची कड सारखी केली.

“ड्वेन दोनदा आला होता आमच्याकडे,” ती म्हणाली. “पाटी नव्हती म्हणून सांगायला. दुसऱ्या वेळी दार मी लावलं. त्याच्या तोंडावर.”

“बर्नी...”

“बोलू नकोस माझ्याशी.”

तिने दार उघडलं आणि खोकं छातीशी धरून अनवाणीच उतरली. फाटा ओलांडून ती कबरस्तानाच्या दिशेने चालायला लागली. तिने दोन्हीकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिच्या मागे जायला हवं, एवढंच लाइलला कळत होतं. त्याने ब्रेकवरचा पाय उचलला.

गाडी हलली नाही.

गिअर टाकलेलाच होता. त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं, नाक वर उचललं गेलं, मागची चाकं थरथरली. गाडी रेघेवरच.

त्याने शेजारी पाहिलं. सीट रिकामी होती. बर्नीच्या चपला बाजूला सरकल्या होत्या. दुसऱ्या कुणासाठी जागा करून दिल्यासारख्या. गालिचा आधी न दिसणाऱ्या टाचेखाली दबला, मग चवड्याखाली.

या वेळी गालिचा पुन्हा वर आला नाही.