मिरीची दलदलीतली मावशी

मिरीचा वेल वर हिरवागार होता आणि बुडाशी काळा पडून कुजत होता. बूड कापावं तर वेल मरेल, ठेवावं तरी मरेल. मग वाचवायचा कसा?

पोफळीवर चढलेला हा वेल माझ्या बायकोने, शालनने, लावलेला. ती गेल्या वर्षी गेली. तिच्या हातचा एवढा एकच वेल उरला होता.

"रोग मातीत आहे," आमचा बागेतला यंत्रमानव हिरवू म्हणाला. "नवी मिरी लावली तर तीही कुजेल."

"मग दुसऱ्याच्या मुळांवर कलम करू," माझी नात मुग्धा म्हणाली. कलम (दोन झाडं जोडून एक करणं) कोकणातल्या पोरांना शिकवावं लागत नाही. "मिरचीच्या?"

हिरवू खरखरला. तो असाच हसतो. "मिरची वांग्याची बहीण. कलमाला जवळचं नातं लागतं. मिरीचा तुरा बघ."

मुग्धाने भिंग लावलं. "पाकळ्याच नाहीत! नुसती शेपटी आणि ठिपके."

"ते ठिपके म्हणजेच फुलं. ही या कुळाची (एका पूर्वजापासून आलेल्या वनस्पतींच्या गटाची) खूण. औषधातली पिंपळी याच कुळातली. आजीच्या पानाच्या डब्यातही एक नातेवाईक असायचा."

"विड्याचं पान!" ती विहिरीमागच्या नागवेलीकडे धावली. "आबा, पेरं तशीच फुगीर आहेत! हिच्यावर करू."

"नको," हिरवू म्हणाला. "हाच रोग हिलाही होतो."

"मग नातेवाईक काय कामाचे?"

"सगळे सारखे नसतात, म्हणून कामाचे. ब्राझीलच्या दलदलीत यांची एक रानटी मावशी आहे. तिथल्या चिखलात ज्यांची मुळं कुजली ती रोपं मेली. जी टिकली, त्यांचीच पिल्लं वाढली. म्हणून तिची मुळं या रोगाने कुजत नाहीत."

हिरवूने कळवल्यावर संशोधन केंद्राचं ड्रोन तिची दोन रोपं घेऊन आलं. मी वेलाचा निरोगी शेंडा कापला.

"आबा, मी काय करू?"

"हा शेंडा मावशीच्या एका रोपाच्या खुंटावर धर."

तिने धरला, मी पट्टी बांधली. कलमाला पालवी फुटली तेव्हा मी पहिलं कोवळं पान बोटाने चाचपलं. मुग्धाने माझा हात धरला.

"मावशीचे आभार कसे मानायचे?" तिने विचारलं.

"तिची जात राखून," हिरवू म्हणाला. "उद्याच्या रोगावरचा उपायही अशाच कुठल्या तरी नातेवाइकाकडे असेल."

दुसरं रोप आम्ही कलम न करता विहिरीजवळ लावलं. त्याची मिरी कुणी खाणार नाही. तरी मुग्धा रोज पहिलं पाणी त्यालाच घालते. मी शालनच्या वेलाला घालतो.