लताबाईंचा श्वास

दम्याच्या पेशंटना मालिश करायला मी नाशिकभर घरोघर जाते. छाती-पाठ सैल झाली की श्वास घेणं जरा सोपं जातं, एवढंच माझं काम. देवळाली कॅम्पातल्या लताबाईंकडे पहिल्यांदा गेले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं.

खोलीत निलगिरीचा वास होता आणि त्याखाली विझलेल्या विडीचा. लताबाई एकट्याच राहायच्या. नवरा तिथल्याच खाटेवर धाप लागून गेला, त्याला वर्ष झालं होतं.

त्या त्याच खाटेवर उशी कवटाळून पुढे वाकून बसल्या. मी कोमट तेल घेऊन बरगड्यांच्या कडेने अंगठे फिरवू लागले. हळूहळू श्वास लांबला. पुन्हा तेल घ्यायला मी हात उचलले, आणि त्यांची पाठ खाली दबली. कोणी वर बसल्यासारखी. माझ्या कानाशी कोणीतरी घरघरत श्वास ओढला.

"मावशी... कोण आहे?"

"मालक," त्या पुटपुटल्या. "रोज येत्यात. जाताना म्हनले होते, मला हवा नाय तर तुला बी नाय..."

"चला, बाहेर जाऊ."

"नाय. भाजी विकून मी बांधलंय हे घर. तुमी हात थांबवू नका, ताई."

त्यांचे ओठ निळे पडत चालले होते. माझी बोटं बधिर झाली होती, तरी मी चोळत राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात लताबाईंनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. आता त्यांनी मान उचलली.

"झुंबर... ऊठ. लय वर्षं तुला वारा घातला. ही हवा माझी हाय."

खाट करकरली. पाठ वर आली. लताबाईंनी पोटापासून श्वास घेतला आणि रडल्या.

पुढच्या गुरुवारी त्या बाजारापर्यंत चालत जाऊन आल्या होत्या. मी त्यांच्यासाठी व्यायामाचं यंत्र नेलं होतं. नळीतून श्वास आत ओढला की त्यातल्या प्लास्टिकच्या तीन रंगीत गोळ्या वर चढतात. खोक्यातून काढून ते टेबलावर ठेवलं. नळी नुसतीच लोंबत होती.

एक गोळी वर गेली. मग दुसरी... मग तिसरी. तिन्ही वरच राहिल्या. जिवंत माणसाची छाती इतका वेळ ओढू शकत नाही.

लताबाईंनी तिकडे पाहिलं, पदर खोचला आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या.

"लावा तेल," म्हणाल्या.

मी तेल लावून पाठ पुसली, तरी गोळ्या वरच होत्या.